सुडोअर्सला हात लावण्याआधी

लिनक्समध्ये रूट म्हणजे मशीनवर काहीही करू शकणारा मुख्य यूजर. त्याचे अधिकार बाकीच्यांना सुडो या प्रोग्रामने वापरता येतात, आणि कोणाला काय चालेल ते सुडोअर्स नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सर्व्हरवर रूटचे अधिकार कोणाला द्यायचे हे ठरवायची पहिलीच वेळ असेल, तर आधी घरच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन बनवा, त्यात डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स टाका आणि लगेच स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं की त्या स्थितीत परत येता येतं. हवं तेवढं बिघडवायला ते मशीन.

मी थेट ऑफिसच्या चालू सर्व्हरवर शिकलो. एका शनिवारी कळव्याच्या घरून स्वतःला एका नव्या ग्रुपमध्ये घालायला यूजरमॉड (यूजरचे ग्रुप वगैरे बदलणारी कमांड) चालवला. पर्याय म्हणून मोठा जी दिला, त्याच्या आधीचा छोटा ए राहून गेला. तो ए नसेल तर आधीचे जोड-ग्रुप सगळे निघून जातात. सुडो वापरू देणारा माझा सुडो ग्रुपही गेला. लॉगआउट करून परत आत शिरलो तर सुडो ओळखच दाखवेना. मग ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल, घणसोलीला उतरून रिक्षा, आणि महापेच्या त्या थंडगार सर्व्हर-खोलीत कीबोर्ड-मॉनिटर जोडून रिकव्हरी मोड, म्हणजे दुरुस्तीपुरतं मशीन चालू करणं. एका अक्षरापायी अख्खा शनिवार!

म्हणून यादीत सगळ्यात वर परतीची वाट. एका टर्मिनलमध्ये रूटची शेल (रूट म्हणून कमांड टाइप करायची जागा) उघडून ठेवा आणि काम तपासून होईपर्यंत ती बंद करू नका. मशीन क्लाउडवर असेल तर प्रोव्हायडरच्या कन्सोलमधून आत जाता येतं का, ते आजच बघा. सुडोअर्स फाइलची प्रत काढून ठेवा.

ती फाइल साध्या एडिटरने उघडू नका, तिच्यासाठीच असलेल्या व्हिसुडो या कमांडनेच उघडा. तो फाइलला कुलूप लावतो, म्हणजे दुसरा कोणी त्याच वेळी त्यात लुडबुड करत नाही, आणि सेव्ह करताना व्याकरण तपासतो. काही मशीनवर व्हिसुडो व्हीआय हा जुना एडिटर उघडतो, त्यामुळे त्यातून बाहेर कसं पडायचं तेही आधी शिकून घ्या. हसू नका, बरेच जण तिथेच अडकतात.

आपल्या नोंदी मूळ फाइलमध्ये न घालता सुडोअर्स-डॉट-डी या फोल्डरात वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मात्र त्या फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही, आणि तसं सांगतही नाही. शिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या एकाच कमांडला लागू होत असतील तर शेवटची चालते, म्हणून क्रमही बघा.

डेबियन-उबुंटूवर ग्रुपचं नाव सुडो, रेड हॅट आणि फेडोरावर व्हील. ग्रुप बदलला की नव्याने लॉगिन करावं लागतं.

खरा वेळ जातो तो कागदावर: कोणाला, कोणती कमांड, आणि कशासाठी. एखाद्याला फक्त एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करायचा असेल तर तेवढीच कमांड, पूर्ण पाथसकट (ती कुठल्या फोल्डरात आहे त्यासकट), लिहा. विम (एडिटर) किंवा लेस (फाइल वाचायचा प्रोग्राम) रूट म्हणून चालवायला देऊ नका. त्यांच्या आतूनच शेल उघडता येते, म्हणजे किल्लीच दिली. फाइल बदलायचीच असेल तर सुडोएडिट आहे. पासवर्डशिवाय परवानगी स्क्रिप्टपुरतीच द्या, आणि ती स्क्रिप्ट त्या यूजरला बदलता येत नाही ना, हे बघा. माझ्या मते माणसाला ती सूट देऊच नये.

सुडो अपडेट करा, जुना आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 1980च्या सुमाराचा हा प्रोग्राम, पण जानेवारी 2021मध्ये त्यात असं भोक उघडकीला आलं की कोणताही साधा यूजर रूट होऊ शकत होता, आणि ते 2011पासून तसंच होतं. 1.9.5पी2 या आवृत्तीत ते बुजवलं. डेबियनसारख्यांनी दुरुस्ती जुन्याच क्रमांकात घातली आहे, तेव्हा नुसता आकडा बघून घाबरू नका.

तपासताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्या यूजरने लॉगिन करा, सुडोला छोटा एल देऊन त्याला काय काय मिळालंय ते वाचा. त्याआधी छोटा के देऊन सुडोला आधीचा पासवर्ड विसरायला लावा, कारण एकदा पासवर्ड दिला की उबुंटू पंधरा मिनिटं परत विचारत नाही आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. जे मिळायला नको तेही चालवून बघा. नकार आला पाहिजे. तो आला की पहिल्या टर्मिनलमधली रूटची शेल बंद करा.