बिल्ड होते पण एडिटर लाल? सी++ मध्ये नवीन आलेल्यांसाठी

नागपुरात आयटी पार्कात म्हणा की मिहानमध्ये, सी++ च्या जुन्या प्रोजेक्टवर नवीन पोरगं आलं की हा प्रश्न ठरलेला: भाऊ, बिल्ड तर नीट होऊन राहिलं, मग एडिटरमध्ये पूर्ण फाइल लाल काऊन दिसते?

कारण एडिटरला बिल्डचं काही माहीतच नसते. हेडर कोणत्या फोल्डरात आहेत, सी++१७ आहे की २०, कोणते मॅक्रो वरून दिले, हे सगळं सीमेकजवळ, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते ठरवणाऱ्या टूलजवळ, आणि एडिटरमध्ये कोड तपासून लाल रेघा दाखवणारं क्लँगडी आपला अंदाजाने चालते. एक हेडर सापडला नाही की त्यातले सगळे टाइप अनोळखी, म्हणून फक्त पहिली एरर वाचा, बाकीच्या सोडा.

बरेच जण इन्क्लूड पाथ हातानेच एडिटरच्या सेटिंगमध्ये टाकतात. मला हे अजिबात पटत नाही, उद्या कोणी सीमेकलिस्ट्स, म्हणजे सीमेकची सेटिंगची फाइल, बदलली की परत तेच रडगाणं.

त्यापेक्षा सीमेक चालवताना 'सीमेक एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स' ऑन करा. बिल्ड फोल्डरात कंपाइल कमांड्सची जेसन फाइल बनते, त्यात प्रत्येक सोर्स फाइलची पूर्ण कमांड असते, क्लँगडी तीच वाचते. पण सीमेक ज्या प्रकारच्या बिल्ड फाइली बनवते तो त्याचा जनरेटर, आणि हे मेकफाइल आणि निंजा जनरेटरवरच चालते, व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर निवडला असेल तर फाइल येतच नाही. फोल्डरचं नाव नुसतं 'बिल्ड' असलं तर क्लँगडी स्वतःच शोधून घेते, दुसरं काही असलं तर प्रोजेक्टच्या रूटमध्ये त्या जेसनची सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा शॉर्टकट) टाका. नवीन सोर्स फाइल जोडली की सीमेक परत चालवायचं, हे सगळेच विसरतात.

सीमेक नसून साधं मेक असेल तर हीच जेसन फाइल बनवायला बेअर नावाचं टूल आहे, फक्त आधी मेक क्लीन करा, कारण जी कमांड खरंच चालली तीच ते लिहून घेते. अर्धं बिल्ड आधीच झालेलं असलं तर अर्धीच फाइल हाती येते आणि मग माणूस तासभर डोकं खाजवत बसते.

बिल्ड जीसीसी कंपायलरने होत असेल तर त्याचे काही फ्लॅग क्लँगला, म्हणजे क्लँगडीच्या आतल्या कंपायलरला, समजत नाहीत, ते डॉट क्लँगडी फाइलमध्ये रिमूव्हखाली टाकायचे. आणि व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचं इंटेलिसेन्स बंद करा ना, तेही क्लँगडीसारखंच कोड तपासते, नाहीतर एकाच ओळीवर दोघंही ओरडतात.

क्लँग-टायडी, म्हणजे कोडमधल्या चुका आणि वाईट सवयी दाखवणारं टूल, त्याचे नियम रूटमधल्या एकाच फाइलमध्ये ठेवा, एडिटर आणि सीआय (पुश केल्यावर सर्व्हरवर आपोआप होणारी तपासणी) दोघंही तीच वाचतील. तरी क्लँगडी सगळे चेक चालवत नाही, काही मुद्दाम वगळते, म्हणून पुश करायच्या आधी टर्मिनलवरून एकदा क्लँग-टायडी चालवून घ्या.