चकाकत्या धातूच्या जुन्या प्रवासी विमानाचा फोटो संग्रहालयात कसा काढावा

जुन्या विमानांपैकी फोटोला सर्वात अवघड कोणते, तर रंग न दिलेले, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचे. वॉशिंग्टनजवळ शँटिली येथे, डलेस विमानतळालगत, स्मिथसोनियन संस्थेचे उद्वार-हेझी केंद्र हे विमान संग्रहालय आहे. तिथले बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनर हे त्याचे उत्तम उदाहरण. व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या मराठी घरांतून पाहुणे आले की हे केंद्र हमखास दाखवले जाते. विमान डोळ्यांना भव्य दिसते आणि फोटोत मात्र करड्या पत्र्याचा नळ होऊन बसते. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. घासलेल्या स्टीलच्या पातेल्याचा फोटो काढताना आत स्वयंपाकघर आणि आपण दिसतो, तसेच इथे होते. या विमानाला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. समोर जे असेल ते त्यात उमटते. म्हणून 'विमान कुठून छान दिसते' हा प्रश्न बाजूला ठेवून 'इथून विमानात काय दिसते' हे आधी पाहायचे.

आधी विमान ओळखा

स्ट्रॅटोलायनर एकूण १० बनली. दाबयुक्त केबिन (उंचावरही आत हवेचा दाब टिकवणारी) असलेले हे पहिले प्रवासी विमान, १९४० मध्ये सेवेत आले, ३३ प्रवासी नेत असे. उद्वार-हेझीतले विमान पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचे 'क्लिपर फ्लाइंग क्लाउड'. पुढे ते हैतीच्या दुवालिये राजवटीतही वापरात होते. बोइंगने सिॲटलमध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले, पण २८ मार्च २००२ रोजी इंधन संपून ते एलियट उपसागरात उतरवावे लागले. पुन्हा दुरुस्त होऊन २००३ मध्ये ते स्वतःच्या पंखांवर संग्रहालयात आले.

यातली निम्मी माहिती थेट चौकट ठरवायला उपयोगी पडते. पंख बी-१७ बॉम्बरच्या घराण्यातले आहेत, त्यामुळे पंख आणि इंजिनांची मांडणी ठळक दिसेल असा एक फोटो हवाच. शेपटीपुढचा लांब, उतरता उभा पंख (फिन) १९३९ च्या अपघातानंतर वाढवलेला आहे. तो बाजूनेच कळतो, समोरून दिसतच नाही. दाबयुक्त केबिनमुळे विमानाचे धड गोल, फुगीर आहे. हा गोलपणा दाखवायला तिरका, पुढून पाऊण कोन लागतो.

काय न्यावे, काय नेऊ नये

ट्रायपॉड, मोनोपॉड आणि सेल्फी स्टिक इथे चालत नाहीत, तेव्हा ते गाडीतच राहू द्या. प्रवेश मोफत आहे, पार्किंगचे मात्र पैसे पडतात. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २४-७० मिमीची एकच लेन्स पुरते. सोबत ७०-२०० असेल तर तपशिलांसाठी चैन होते. पोस्टकार्डाएवढे करडे कार्ड घ्या, ग्रे कार्ड म्हणून मिळते.

कपडे गडद आणि साधे घाला. ही गंमत नाही. इंजिनाच्या चकचकीत आवरणाजवळ गेलात की लाल टी-शर्टचा ठिपका फोटोत येतो आणि घरी तो पुसताना जीव जातो.

पोलरायझर फिल्टर इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. काच, पाणी किंवा रंगावरची तिरकी चकाकी तो कमी करतो, पण उघड्या धातूवरून परावर्तित झालेला प्रकाश फारसा ध्रुवित नसतो. त्यामुळे फिल्टर कितीही फिरवा, दिव्याची रेघ जात नाही. उलट एक ते दोन स्टॉप प्रकाश वाया जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), आणि हँगरमध्ये तो परवडत नाही.

पायरी १: कॅमेरा बंद ठेवून एक फेरी

गोल धडावर प्रतिबिंबांचे तीन पट्टे असतात. वरच्या भागात छत आणि दिवे, मधल्या पट्ट्यात समोरच्या वस्तू आणि माणसे, पोटाखाली जमीन. दिवे धडाच्या लांबीत ताणले जाऊन पांढरी रेघ होते. तुम्ही सरकलात, खाली बसलात की ही रेघही सरकते. ती खिडक्यांच्या ओळीवर किंवा विमानाच्या नावावर पडत असेल तर दोन पावले बाजूला व्हा किंवा गुडघ्यावर बसा. रेघ पूर्ण घालवू नका. तीच गोलाई दाखवते. ती खिडक्यांच्या वर, एकसंध, नाकापासून शेपटीपर्यंत धावणारी मिळाली की जागा सापडली.

मधल्या पट्ट्यातला कचरा म्हणजे माहितीफलक, 'बाहेर' लिहिलेले पेटते दिवे आणि शेजारची रंगीत विमाने. यांतला एखादा रंग नाकावर गोळा होत असेल तर कोन बदलण्याला पर्याय नाही.

पायरी २: अंतराचा हिशेब

विमान २२.६६ मीटर लांब आहे आणि पंखांचा पल्ला ३२.६९ मीटर. पूर्ण बाजू चौकटीत घ्यायची आणि दोन्हीकडे थोडी मोकळी जागा सोडायची, तर चौकटीची रुंदी साधारण २७ मीटर धरा. फुल-फ्रेमवर २४ मिमी लेन्सने सुमारे १८ मीटर मागे जावे लागते, ३५ मिमीने २६ आणि ५० मिमीने ३८ मीटर. फोनच्या १३ मिमी समकक्ष अल्ट्रा-वाइडला १० मीटर पुरतात, पण मोह टाळा. इतक्या जवळून जवळचे इंजिन भोपळ्याएवढे आणि शेपूट बोटाएवढी येते, कडेची चाके तिरकी ताणली जातात.

जमिनीवर मागे जायला जागा कमी आणि मध्ये दुसरी विमाने. खरी सोय उंच पायवाटांवर आहे. तिथून ३५ ते ५० मिमीने पंख, चारही इंजिने आणि धडाचा वरचा भाग एकत्र येतो. प्रमाण बिघडत नाही. एकच पूर्ण फोटो काढायचा असेल तर तो वरूनच काढा.

पायरी ३: कॅमेऱ्याची मांडणी

रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/५.६ ठेवा; आकडा मोठा तितके छिद्र लहान. 'सगळे स्पष्ट यावे' म्हणून एफ/११ किंवा १६ वर जाणे ही इथली नेहमीची चूक. २४ मिमीला एफ/५.६ वर सुमारे ३.४ मीटरवर फोकस केला तर पावणेदोन मीटरपासून पुढचे सगळे स्पष्ट येते. ५० मिमीला १५ मीटरवर फोकस केला तर साडेसात मीटरपासून पुढचे. याहून लहान छिद्राने फक्त आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढतो.

शटर हाताला झेपेल तेवढा: २४ मिमीला १/६० सेकंद, ५० मिमीला १/१२५. हे आकडे आणखी एका कारणाने सोयीचे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून काही दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात. त्याहून बराच जलद शटर, विशेषतः आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर, चौकटीत आडवे काळे-पांढरे पट्टे आणतो. भारतात ५० हर्ट्‌झ असल्याने १/५० किंवा १/१०० निवडा. आयएसओ ऑटो ठेवून वरची मर्यादा ३२०० करा.

एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करूनच सुरुवात करा. काळोखे छत पाहून कॅमेरा फोटो उजळतो आणि धातू पांढरा पडतो. पडद्यावर फोटो मोठा करून रिव्हेटांची ओळ तपासा. दिव्याचा अगदी मधला ठिपका पांढरा गेला तर जाऊ द्या, पण त्याच्या कडेला रिव्हेट दिसायलाच हवेत. दिसत नसतील तर आणखी कमी करा. गडद भाग नंतर उजळता येतो, जळालेला पत्रा परत येत नाही.

फ्लॅश नको. २० मीटरवर तो पोहोचत नाही, आणि जवळून धातूवर आदळून थेट लेन्समध्ये परततो.

पायरी ४: फोकस आणि समतलता

गुळगुळीत पत्र्यावर ऑटोफोकस पुढे-मागे धडपडतो, किंवा प्रतिबिंबातल्या दूरच्या दिव्यावर बसतो. मग विमान धूसर आणि दिवा स्पष्ट. फोकसचा ठिपका खिडकीच्या चौकटीवर, अक्षरांच्या कडेवर किंवा पत्र्यांच्या सांध्यावर ठेवा.

स्ट्रॅटोलायनर शेपटीच्या चाकावर बसते, म्हणजे नाक वर आणि शेपूट खाली. धडाची रेषा आडवी धरून कॅमेरा सरळ केलात तर सगळा हँगर कलंडतो. कॅमेऱ्यातली समतल रेषा किंवा हँगरचा उभा खांब प्रमाण माना.

पायवाट लोकांच्या चालण्याने हलकीशी थरथरते. कठड्याला कोपरे टेकवा, गर्दीचा लोंढा जाऊ द्या आणि एकदम चार-पाच फोटोंची माळ काढा. त्यातला एखादा स्थिर निघतो.

पायरी ५: रंग

करडे कार्ड विमानाजवळ, त्याच्यावर पडणाऱ्याच प्रकाशात धरून एक फोटो घ्या आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून ठरवा. घरी संपादनात पांढरा रंग निवडायला धातूवर क्लिक करू नका. धातूत शेजाऱ्याचा रंग असतो. तो 'करडा' करायला गेलात की अख्खा हँगर निळा किंवा पिवळा होतो.

पायरी ६: तपशील

कठड्याच्या बाहेरून ७०-२०० ने इंजिन, पंखा, नाकावरच्या काचा आणि पुढच्या भागावरचे नाव टिपा. नऊ सिलिंडरांच्या राइट सायक्लोन इंजिनासाठी अगदी समोर उभे राहू नका, आवरणात तुम्हीच दिसाल. ३० ते ४५ अंश बाजूला व्हा. आतले सिलिंडर काळोखात असतात, तेव्हा इथे एक स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेऊन नंतर जोडणे फायद्याचे. आधी माहितीफलकाचा फोटो घ्या, नंतर मथळे लिहिताना शोधाशोध वाचते.

फोनवाल्यांसाठी

१x किंवा २x लेन्स वापरा. विमानावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर कुलूपबंद झाले की थोडे खाली ओढा. नाइट मोड अनेक फोटो जोडतो, त्यामुळे चालणारी माणसे अर्धपारदर्शक होतात. प्रकाश पुरेसा असेल तर तो बंद ठेवा. एचडीआर धातूचा उजेड-सावलीतला फरक दाबून टाकतो. चमक गेली की हे विमान संपले.

गर्दी

दार सकाळी १० ला उघडते. कामाच्या दिवशी पहिला तास सर्वात मोकळा. तरी चाकाजवळ एखादा माणूस राहिला तर बरेच, विमान केवढे ते कळते. सगळेच नको असतील तर कठड्यावर कॅमेरा घट्ट टेकवून काही मिनिटांत आठ-दहा फोटो घ्या आणि संगणकावर त्यांचा मीडियन (प्रत्येक बिंदूचे मधले मूल्य) काढा. हलणारी माणसे निघून जातात, बाकावर निवांत बसलेली मात्र राहतात.

गोव्यात असाल तर

दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, मूळचे एअर इंडियाचे. संग्रहालय सोमवारी बंद असते. विमान उघड्यावर आणि रंग दिलेले, म्हणून वरचे बरेच नियम उलटतात. इथे पोलरायझर उपयोगी आहे: रंगावरची चकाकी कमी होते, आकाश गडद होते. दुपारच्या उन्हात पंखाखाली काळीकुट्ट सावली पडते, म्हणून दार उघडल्याबरोबर जा किंवा उतरत्या उन्हाची वाट पाहा. पावसाळ्यातले ढगाळ आकाश तर उत्तमच, सावल्या मऊ होतात. तीन उभ्या पंखांची (फिन) शेपूट ही या विमानाची ओळख. ती मागून तिरक्या कोनात घ्या, सरळ बाजूने तिन्ही एकावर एक येतात. कॅमेऱ्याचे नियम तिकीट खिडकीवर विचारून घ्या. शेजारी नौदलाचा तळ आहे, तेव्हा लेन्स धावपट्टीकडे वळवू नका.