चारचौघांत पिस्तूल चुकून दिसले तर परवानाधारकाने काय करावे

एप्रिलच्या अखेरीस देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदाराने टेम्पोत पेटी चढवण्यासाठी दोन्ही हात वर नेले आणि घामाने अंगाला चिकटलेला त्यांचा बुशशर्ट कमरेच्या वर सरकून तिथेच अडकून राहिला. उजव्या कुशीला पट्ट्यावर लावलेल्या होल्स्टरमधून, म्हणजे शस्त्राच्या म्यानातून, रिव्हॉल्व्हरची मूठ बाहेर दिसत होती. त्यांना स्वतःला ते कळले नाही. समोरच्या गड्याची नजर खाली गेली आणि तो पेटी तशीच सोडून दोन पावले मागे सरला, तेव्हा कळले. परवाना कायदेशीर होता, मनात काही वावगे नव्हते, तरीही कोणीतरी ११२ वर फोन केला आणि तासाभरात पोलीस तिथे आले. शस्त्र परवान्यांच्या कामात अशी माणसे मला वरचेवर भेटतात. त्यांची अडचण मूठ दिसल्यामुळे जितकी वाढते, त्याहून अधिक ती दिसल्यानंतरच्या पाच मिनिटांत ते जे बोलतात आणि करतात त्यामुळे वाढते, असा माझा अनुभव आहे.

परवाना असणे आणि शस्त्र लोकांच्या नजरेस पडणे या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र बाबी आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवान्यामुळे शस्त्र बाळगण्याची मुभा मिळते. ते सार्वजनिक ठिकाणी कसे न्यायचे हे शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ सांगतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये अथवा पाठपिशवीसारख्या साधनात असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा, अशी त्याची मागणी आहे. उघडे शस्त्र घेऊन जाणे, ते परजणे, लग्नात किंवा मिरवणुकीत बार काढणे, या सगळ्याला हाच नियम सक्त मनाई करतो. अमेरिकेतील काही राज्यांत कमरेला उघडे पिस्तूल लावून फिरता येते आणि तिथले व्हिडिओ पाहून आपल्याकडील तरुण परवानाधारकांचा गैरसमज होतो. इथे तशी सवलत कोणालाही नाही.

मग ‘चुकून झाले’ या म्हणण्याला काय अर्थ उरतो? पुष्कळ उरतो, मात्र तो कुठे लागू पडतो हे ओळखले पाहिजे. नियम ३२ चा रोख शस्त्र झाकलेले होते की नव्हते यावर आहे, त्यामुळे अनवधान सिद्ध झाले तरी नियमभंगाचा प्रश्न शिल्लक राहू शकतो. नियमाच्या किंवा परवान्याच्या अटीच्या भंगाला अधिनियमात अन्यत्र शिक्षा सांगितलेली नसेल तर कलम ३० लागते, ज्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अधिनियमाखालील प्रत्येक गुन्हा कलम ३८ नुसार दखलपात्र असल्यामुळे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. याउलट भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मधील धाकदपटशाच्या आरोपासाठी समोरच्याला भय घालण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि शर्ट वर सरकण्यात तो हेतू नसतो. म्हणूनच घटनेच्या वेळी वादावादी चालू होती का, हात मुठीकडे गेला होता का, तोंडून एखादे वाक्य निघाले होते का, या तपशिलांना फार मोल येते. बांधाच्या भांडणात ‘माझ्याकडे काय आहे ते बघ’ एवढे बोलून कोणी शर्टाची कड उचलली, तर त्याला पुढे अपघात म्हणता येत नाही. शस्त्र होल्स्टरमधून निसटून पडले आणि गोळी सुटली, तर प्रकरण आणखी वरच्या पायरीवर जाते. निष्काळजीपणे शस्त्र वापरून इतरांचा जीव धोक्यात घालण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) मध्ये दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.

कोकणात एक गोष्ट वारंवार विसरली जाते आणि तिच्याबद्दल मला तळमळीने सांगावेसे वाटते. परवान्यावर छापलेल्या अटींमध्ये, खास परवानगी नसेल तर, शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर सार्वजनिक मेळाव्यात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये, असे स्पष्ट म्हटलेले आहे. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वरला लोटणारी गर्दी, शिमग्यात दारोदार फिरणारी पालखी, गणपतीचे विसर्जन, ही सगळी ठिकाणे या अटीत येतात. तिथे गर्दीच्या रेट्यात पिस्तूल दिसले, तर ते झाकलेले होते की नव्हते हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण ते तिथे आणणे हाच मुळात अटीचा भंग असतो. त्यातच सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागू होतात. त्यांचा भंग झाल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. आदेशातून परवानाधारकांना वगळले आहे की नाही, हे प्रत्येक वेळी मूळ आदेश वाचूनच ठरवावे. निवडणुकीपूर्वी शस्त्र जमा करण्याची नोटीस मिळाली असेल, तर ते वेळेत जमा करून पावती घ्यावी आणि ती परवान्यासोबत जपून ठेवावी.

आता प्रत्यक्ष प्रसंग. शस्त्र दिसल्याचे लक्षात येताच हातातले काम थांबवून मोकळ्या हाताने कापड खाली ओढावे आणि मुठीला स्पर्श करू नये. होल्स्टर ढिले झाले असेल तर लोकांसमोर शस्त्र बाहेर काढून ते नीट बसवण्याचा मोह टाळावा, कारण बघणाऱ्यांना त्या हालचालीत शस्त्र उपसणारा माणूस दिसतो आणि पुढे जबाबातही तेच उतरते. गाडीत किंवा बंद खोलीत एकट्याने जाऊन ते पाहावे. घाबरलेल्या माणसाला शांतपणे, एकाच वाक्यात, हे परवान्याचे शस्त्र असून चुकून दिसले, एवढे सांगावे. हसण्यावारी नेऊ नये आणि उलट दमही देऊ नये. तिथून घाईने निघून जाणे सर्वांत वाईट, कारण त्या निघून जाण्याचा अर्थ मग इतर लोक लावतात.

पोलीस आल्यास दोन्ही हात त्यांना दिसतील असे ठेवून, शस्त्र कोणत्या बाजूला आहे हे आधी तोंडी सांगावे आणि ते त्यांच्या सूचनेशिवाय बाहेर काढू नये. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नुसार कोणताही पोलीस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो, तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र जप्त करू शकतो, आणि नाव-पत्ता नाकारल्यास विनावॉरंट अटकही होऊ शकते. त्यामुळे परवाना घरच्या कपाटात ठेवून शस्त्र कमरेला लावण्याची सवय मोडावी. दमट हवेत कागद लवकर खराब होतो म्हणून तो प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा. जप्ती झालीच तर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या पंचनाम्यात बरोबर उतरली आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. गुन्हा नोंदवला गेल्यास कलम ३० चा आरोप जामीनपात्र असतो. हजर राहण्याची नोटीस आली तर तारीख चुकवू नये आणि सविस्तर जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोलावे.

त्याच दिवशी संध्याकाळी स्वतःसाठी एक टिपण लिहावे: वेळ, जागा, अंगावरचे कपडे, शस्त्र किती वेळ दिसले, जवळ कोण होते आणि कोण काय बोलले. दुकानाचा किंवा पेट्रोल पंपाचा कॅमेरा त्या बाजूला असेल तर चित्रण राखून ठेवण्याची लेखी विनंती लगेच करावी, कारण जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. देवगडच्या त्या बागायतदारांच्या प्रकरणात टेम्पोच्या मागील गाळ्याच्या कॅमेऱ्यात पेटी, वर गेलेले हात आणि सरकलेला शर्ट स्पष्ट दिसत होता, आणि तेवढ्याने शंभर प्रश्न मिटले.

कपड्यांचा विचार इथल्या हवेला धरूनच करावा लागतो. मे महिन्यात पातळ शर्ट ओला होऊन अंगाला चिकटतो आणि शस्त्राचा आकार बाहेरून उमटतो. म्हणून आत बनियन आणि वर नेहमीपेक्षा बोटभर लांब, सैल, जाड विणीचा शर्ट असावा. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरला बुरशी धरते, त्याची क्लिप गंजते आणि पकड सैल होते, त्यामुळे दर पंधरवड्याला रिकाम्या शस्त्रासह वाकून, बसून, हात वर करून आरशासमोर तपासणी करावी. समुद्रात उतरायचे असेल त्या दिवशी शस्त्र घरीच सुरक्षित ठेवावे. किनाऱ्यावर मित्राच्या हाती दिले आणि त्याच्याकडे परवाना नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. बांदा ओलांडून गोव्याच्या हद्दीतील पत्रादेवीकडे जाण्यापूर्वी परवान्याची हद्द वाचावी, कारण तो महाराष्ट्रापुरता असेल तर गोव्यात झाकलेले शस्त्रही बेकायदा ठरते.

फौजदारी बाजू मिटली तरी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून कारणे दाखवा नोटीस येऊ शकते, कारण कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो. नोटिशीला लेखी उत्तर द्यावे, सुनावणी मागावी, टिपण, चित्रण आणि नव्या होल्स्टरची पावती जोडावी, आणि शस्त्र दिसले ही वस्तुस्थिती नाकारू नये. ती नाकारून नंतर चित्रण समोर आले, की अनवधानाच्या खऱ्या बचावावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आदेश विरुद्ध गेल्यास त्याची कारणे लेखी मागून घ्यावीत आणि कलम १८ खालील अपील मुदतीच्या आत बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे दाखल करावे.