पदकतक्ता फळ्यावर मांडताना: पॅरालिम्पिकपासून तालुक्याच्या दिव्यांग स्पर्धेपर्यंत

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या फळ्यावर पॅरालिम्पिकचा पदकतक्ता लिहायचा असेल तर सहा रकाने आखा: क्रमांक, देश, सुवर्ण, रौप्य, कांस्य, एकूण. पहिला रकाना कोराच ठेवा, तो सगळ्यात शेवटी भरायचा. घोळ होतो तो इथेच. ‘एकूण’चा मोठा आकडा डोळ्यांत भरतो आणि त्यावरूनच क्रमांक पडतो.

क्रम लावताना आधी सुवर्ण बघा. ते सारखे असेल तर रौप्य, तेही सारखे असेल तर कांस्य. तिन्ही आकडे जुळले तर दोघांना एकच क्रमांक द्या आणि पुढचा सोडा, म्हणजे दोन पाचवे आले की त्यानंतर थेट सातवा. एकूण पदकांवरून क्रम ठरत नाही.

पॅरिस २०२४ च्या तक्त्यावर हे पडताळून बघता येते. नेदरलँड्सची २७ सुवर्ण, १७ रौप्य, १२ कांस्य, म्हणजे एकूण ५६. ब्राझीलची २५, २६, ३८, एकूण ८९. ब्राझीलकडे ३३ पदके जास्त, तरी नेदरलँड्स चौथा आणि ब्राझील पाचवा. भारताच्या आसपासची चुरस रौप्यावर ठरली. स्पेन, भारत आणि कोलंबिया यांची सुवर्णे प्रत्येकी ७, रौप्ये ११, ९ आणि ७. म्हणून स्पेन सतरावा, भारत अठरावा, कोलंबिया एकोणिसावा. कॅनडा आणि उझबेकिस्तान यांचे तर १० सुवर्ण आणि ९ रौप्यही सारखे. तिथे कांस्याने निकाल लावला, १० विरुद्ध ७.

संगणकावर करणार असाल तर एक जादा रकाना घ्या. सुवर्णाला १०,००,००० ने गुणा, रौप्याला १,००० ने, त्यात कांस्य मिळवा आणि उतरत्या क्रमाने लावा. भारताचे ७, ९, १३ म्हणजे ७००९०१३, स्पेनचे ७०११०२२. गुणक १०० आणि १० असे छोटे घेतले तर भरपूर कांस्ये मिळवणारा देश उगाच वर सरकतो.

फळा खडूनेच लिहा, रंगाने नको, कारण जाहीर झालेला निकालही बदलतो. पॅरिसमध्ये एफ-४१ (कमी उंचीच्या खेळाडूंचा गट) भालाफेकीत भारताचा नवदीप सिंग ४७.३२ मीटर फेकून दुसरा आला होता. पहिला आलेला इराणी खेळाडू अपात्र ठरला आणि नवदीपला सुवर्ण मिळाले. अशा वेळी एकच आकडा पुसून चालत नाही. इराणचे एक सुवर्ण गेले, भारताचे एक रौप्य जाऊन सुवर्ण आले, चीनचे कांस्य रौप्य झाले, इराकला कांस्य मिळाले. चार ओळी बदलायच्या. भारताची एकूण पदके आधीही २९ होती, नंतरही २९. पण हा बदल झाला नसता तर ६-१०-१३ वर आपण थायलंड (६-११-१३) आणि दक्षिण कोरिया (६-१०-१४) यांच्याही खाली असतो. खेळाडू दिव्यांगत्वाच्या कोणत्या गटात बसतो याच्या, म्हणजे वर्गीकरणाच्या, फेरतपासणीतही पदक जाते. टोकियोत एफ-५२ (बसून फेकणाऱ्यांचा गट) थाळीफेकीतले भारताचे कांस्य असेच रद्द झाले.

बेरीज जुळवताना सुवर्णांची संख्या क्रीडाप्रकारांइतकी येते का बघा. पॅरिसला ५४९ प्रकार होते. अव्वल स्थानी बरोबरी झाली तर फरक पडतो. कांस्ये मात्र जास्तच भरतात, कारण ज्युदो आणि तायक्वांदोत एका गटात दोन कांस्ये देतात. ती चूक समजून खोडू नका. सांघिक खेळाचे पदक एकच धरतात. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये बारा गळ्यांत सुवर्ण पडले तरी तक्त्यात १. निर्वासित संघाची ओळ वेगळी: झाकिया खुदादादीचे तायक्वांदोतले कांस्य त्या संघाच्या नावावर आहे, अफगाणिस्तानच्या नाही.

कर्णबधिरांची डेफलिम्पिक्स ही वेगळी स्पर्धा, तिची पदके पॅरालिम्पिकमध्ये मिळवू नका. बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये देशांची क्रमवारी लावतच नाहीत. तिथल्या खेळाडूंची नावे लिहा, क्रमांक टाकू नका.

आता आपल्याकडचे. ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास जळगाव, धुळे, नंदुरबारात तालुकावार तक्ता लावायचा असेल तर तीन गोष्टी पहिल्या शिट्टीआधी लेखी ठरवा.

पदक कोणत्या तालुक्याचे? पारोळ्याचा मुलगा अमळनेरच्या निवासी शाळेत शिकत असेल तर दोन्ही तालुके हक्क सांगतात. आमच्या मते शाळेचा तालुका धरावा, कारण सराव तिथे झालेला असतो. पण कोणताही नियम घ्या, तो सगळ्यांना एकच हवा.

गटात एकच स्पर्धक असेल तर? तालुका पातळीवर हे नेहमी होते. त्याला पदक जरूर द्या, ते त्याच्या मेहनतीचे आहे, पण तक्त्यात धरायला किमान दोन किंवा तीन स्पर्धकांची अट ठेवा. नाहीतर रिकाम्या गटांत नावे घालून तालुका वर चढतो. पण स्पर्धक कमी आहेत म्हणून दोन गट एकत्र करून टाकू नका. अंध धावपटू आणि कृत्रिम पायावर धावणारा यांना एका रेषेवर उभे करणे दोघांवरही अन्याय आहे.

तिसरी गोष्ट पदकांच्या खरेदीची. तक्त्यातली संख्या आणि दुकानात सांगायची संख्या वेगळी असते. चार जणांच्या रिलेला तक्त्यात एक सुवर्ण, हातात चार. पूर्ण अंध धावपटूसोबत पळणाऱ्या मार्गदर्शकालाही पदक द्यायचे असते, त्याची संख्या लोक हमखास विसरतात. प्रत्येक रंगाची चार-पाच जास्तीची घ्या.

निकाल वाचून दाखवल्यावर आक्षेपासाठी अर्धा तास ठेवा. त्यानंतर पंचांच्या सहीचा कागद हातात आल्यावरच आकडा फळ्यावर चढवा.