हरिकेनच्या मॉडेलला हात घालण्याआधी

नुसतं 'हरिकेन करायचं', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं किट जोडायचं, एवढं ठरवून भागत नाही. कोणतं, कोणाचं आणि साधारण कोणत्या काळातलं हे आधी पक्कं करा आणि त्याच विमानाचे दोन-तीन फोटो छापून भिंतीवर लावा. इथे हॉकर हरिकेन एमके टू-सी धरलंय, प्रमाण १:४८. १९४४ साली इम्फाळच्या आघाडीवर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची क्रमांक १ स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती, त्यामुळे या विमानाशी आपलं नातं आहे. शिवाय मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरात. इथे मॉडेल बघायला आलेला एखादा निवृत्त तंत्रज्ञ रंगाला दाद देण्याआधी खाली वाकून चाकं सरळ आहेत का ते बघतो.

खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २५.४ सेंटिमीटर. लांबी साधारण साडेवीस सेंटिमीटर. कपाटाचा कप्पा आजच मोजून ठेवा. मग फोटो समोर ठेवून चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा: पंखांत तोफा चार की दोन, नाकाखाली धुळीचा व्होक्स फिल्टर आहे की नाही, पंखांखाली बॉम्ब किंवा जादा टाक्या आहेत का, आणि कॉकपिटची काच उघडी ठेवायची की बंद. ही उत्तरं आधी लागतात, कारण बऱ्याच किटांत बॉम्बच्या रॅकची भोकं पंखाच्या आतल्या बाजूने पाडायची असतात. पंख चिकटवल्यावर आठवलं तर बाहेरून अंदाजाने ड्रिल मारावं लागतं, आणि तो अंदाज हमखास चुकतो.

आता हवामान. पुस्तकांतल्या सूचना थंड देशांतल्या खोल्यांसाठी लिहिलेल्या असतात, नागपूरच्या मे महिन्यासाठी नाही. रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येईल असा हिशेब धरा आणि जोडणी त्याआधी सुरू करा. पारा ४५ च्या वर गेला की ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनच्या) सुईच्या टोकावरच वाळतो आणि थुंकल्यासारखे ठिपके उडतात. उन्हाळ्यात रंगवायचंच असेल तर सकाळी आठच्या आत उरका, थिनर थोडं जास्त घाला आणि रिटार्डरचे, म्हणजे रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब टाका. पातळ सिमेंटही (प्लॅस्टिक सांधणारा पाण्यासारखा गोंद) या दिवसांत सांध्यात शिरण्याआधीच उडून जातं. एका वेळी तीन-चार सेंटिमीटरच जोडा. जुलै-ऑगस्टमध्ये त्रास वेगळा. लॅकर मारलं की थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि रंगावर दुधी साय येते. कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला तर बहुतेक वेळा ती जाते.

कूलर मात्र रंगाच्या खोलीत नकोच. तो ओल वाढवतो हे एक, आणि त्याच्या गवताचे बारीक तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात ते दुसरं. असा तंतू चिमट्याने उचलायला गेलात तर चरा पडतो. तो तसाच राहू द्या, रंग पूर्ण वाळला की २००० नंबरच्या पेपरने पाण्यासकट घासा.

किटचं पार्सल उन्हाळ्यात आलं असेल तर उघडल्याबरोबर पंखाचे भाग काचेवर उताणे ठेवून बघा. तापलेल्या गाडीत पडून राहिलेला पंख पिळवटतो. हाताला जेमतेम सोसेल अशा गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, हलकेच सरळ करा, लगेच गार पाण्यात धरा. उकळतं पाणी वापरू नका. प्लॅस्टिक इतकं मऊ पडतं की कडाच वाकड्या होतात. त्यानंतर भाग ज्यांना जोडून येतात त्या सगळ्या फ्रेम सूचनापत्राशी ताडून मोजा. काचेचे भाग वेगळ्या पिशवीत ठेवा. बाकी सगळं कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग मास्किंग टेपबरोबर सोलून निघतो. धुताना बेसिनच्या जाळीवर चहाची गाळणी ठेवा. सुटलेला गनसाइट (नेम धरायच्या यंत्राचा चिमुकला भाग) नळीत गेला की गेला.

हत्यारांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. धारदार निपर, ११ नंबरच्या पात्यांचा चाकू आणि पाती किमान दहा, टोकदार चिमटा, ०.४ ते १ मिलिमीटरचे ड्रिल आणि ते धरायला पिनव्हाइस, ६ मिलिमीटरची मास्किंग टेप. ४०० पासून २००० पर्यंतचा पाण्याचा पॉलिश पेपर इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळून जातो. एनसी थिनरही तिथेच मिळतं, पण ते फक्त एअरब्रश धुवायला. मॉडेलवर पडलं तर प्लॅस्टिक विरघळतं. लॅकर मारणार असाल तर सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क घ्या; धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

हरिकेनची खरी परीक्षा मागच्या धडात आहे. कॉकपिटच्या मागे धडावर कापड ताणलेलं असतं आणि त्याखालच्या लाकडी पट्ट्यांचे उंचवटे लांबच लांब दिसतात. दोन अर्ध्या बाजू जोडल्यावर शिवण घासताना हात आडवा फिरला की उंचवटे सपाट होतात आणि ते परत आणणं जिकिरीचं असतं. म्हणून शिवणीच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, पेपरची ३ मिलिमीटर रुंद पट्टी कापा आणि पट्ट्यांच्या दिशेनेच, पुढे-मागे घासा. तरीही एखादा उंचवटा गेलाच तर मेणबत्तीवर स्प्रू (फ्रेमची उरलेली प्लॅस्टिकची काडी) ताणून केसाएवढा धागा काढा आणि त्या जागी पातळ सिमेंटने बसवा. रंगानंतर पत्र्याच्या पॅनेलांमधल्या फटींत काळपट वॉश (अगदी पातळ केलेला रंग) भरायची सवय असते, ती इथे आवरा. कापडाला पॅनेल नसतात.

कॉकपिटमध्ये सलग जमीन नव्हती. वैमानिकाच्या टाचांखाली दोन पन्हळी, बाकी खाली नळ्यांचा सांगाडा. किटमध्ये सपाट जमीन दिली असेल तर ती काळपट रंगवून नळ्या उठावदार करा. आतला रंग ब्रिटिश ग्रे-ग्रीन. वैमानिकाच्या सीटचे पट्टे किटमध्ये नसतील तर मास्किंग टेपच्या १ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा. सगळं रंगवून झालं की जिथे जिथे गोंद लागणार तिथला रंग चाकूने खरवडून काढा. हा कंटाळा केला तर प्रत्येक थराची जाडी साठत जाते आणि शेवटी धडाच्या दोन बाजू मिटत नाहीत.

गोंद लावण्याआधी धड आणि पंख नुसत्या टेपने जोडून बघा. पंखाच्या मुळाशी फट दिसली तर पुट्टी काढू नका. धडाच्या आत स्प्रूचा तुकडा आडवा टेकू म्हणून लावा, फटीइतकाच जास्त लांब. बाजू बाहेर सरकतात आणि फट मिटते. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो, चढ बाहेरच्या पंखांपासून सुरू होतो. मॉडेल काचेवर ठेवून दोन्ही टोकांखाली एक-एक रुपयाची नाणी रचा. दोन्हीकडे नाणी सारखी लागली पाहिजेत. आणखी एक: शेपटाखाली चाक असलेलं विमान मागेच टेकतं, नाकात वजन भरायची गरज नाही.

तोफांच्या नळ्यांची तोंडं ०.४ मिलिमीटरने पोकळ करा. २० मिलिमीटरची तोफ या प्रमाणात बरोबर तेवढीच होते. नळीवरची स्प्रिंग उघडी दिसत असेल तर कूलरच्या जळालेल्या पंपाची वायंडिंग उपयोगी पडते. त्यातली केसासारखी तांब्याची तार सुईवर वेढे देऊन गुंडाळा आणि अलगद सरकवून काढा.

रंग तीन, प्रत्येकी १० मिलिलिटरची बाटली पुरते: खाली मीडियम सी ग्रे, वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, याच क्रमाने. दाब १५ ते २० पीएसआय, नोझल ०.३. हिरव्या-तपकिरी रंगांची कड खऱ्या विमानावर दोन इंच पुसट असेल तर मॉडेलवर ती जेमतेम १ मिलिमीटर होते, त्यामुळे कडेवर आडोसा म्हणून ब्ल्यू टॅकच्या (परत निघणाऱ्या चिकट पुट्टीच्या) बारीक वळ्या पुरतात. मोकळ्या हाताने मारलेली धुरकट कड या प्रमाणात फार ढोबळ दिसते. काचेचे भाग फेविकॉलने लावा. सुपरग्लूच्या वाफेने काच आतून पांढरी पडते आणि मग ती पुसताही येत नाही.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) आग्नेय आशियाच्या आघाडीचेच हवेत: गडद आणि फिकट निळ्या रंगांचे गोल, मध्ये लाल नाही. जपानी विमानावरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तिथे लाल काढून टाकला होता. खडबडीत मॅट रंगावर डिकल लावला तर खाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते, म्हणून आधी ग्लॉस वार्निश. बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग राहतात. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणा, आणि आणताना ते ॲसिड नाही ना हे दोनदा विचारा. एक नको असलेला डिकल आधी भिजवून बघा. पावसाळे पाहिलेला कागद असेल तर तो पाण्यातच तुकडे होतो, आणि मग दुसरा संच मागवल्याशिवाय इलाज नाही.

प्रोपेलरची पाती वेगवेगळी असतील तर बसवताना दिशा बघा: हे इंजिन वैमानिकाच्या जागेवरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, आणि पात्याची फुगीर बाजू पुढे. टोकं आधी पांढरी, त्यावर पिवळी, मग २.१ मिलिमीटरची टेप लावून बाकी पातं काळं. प्रोपेलर चिकटवू नका, नुसता खोवून ठेवा. धूळ पुसताना पहिला तोच मोडतो.