काळ्या केसांवर घरच्या घरी बर्गंडी, ब्लीचच्या नादी न लागता

पहिलं काम म्हणजे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलेला तो वाईन कलरचा फोटो डिलीट करा. त्या फोटोतले केस बहुतेक वेळा आधी ब्लीच केलेले असतात आणि वर लाईटपण मारलेला असतो. आपले केस काळे, फार तर गडद ब्राऊन. त्यावर नुसता बर्गंडी लावला की ट्यूबलाईटखाली तो जवळपास काळाच दिसणार, खिडकीत गेलात की पिकल्या जांभळासारखा आणि उन्हात छान लालसर-जांभळा. एवढा रंग चालणार असेल तर पुढचं सगळं सोपं आहे, आणि चालणार नसेल तर सरळ पार्लरला जा, कारण घरी केसांची वाट लागते ती डायने कमी आणि "अजून थोडा उठायला हवा" म्हणून दुसऱ्याच दिवशी केलेल्या उद्योगांनी जास्त.

आता शेड. बॉक्सवर ३.१६, ४.१६ असले नंबर असतात ना, त्यातला पॉइंटच्या आधीचा आकडा म्हणजे रंग किती गडद, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे एकदम फिका ब्लाँड. पॉइंटनंतरचे आकडे छटेचे, पण ते प्रत्येक कंपनीचे आपापले, त्यामुळे एका कंपनीचा नंबर पाठ करून दुसरीचा बॉक्स घेऊ नका. काळ्या केसांना ३ किंवा ४ चा बर्गंडी बरोबर बसतो. दुकानात ६ नंबरचा झगझगीत डबा बघून मोह होतो पण तो काळ्या केसांवर लांबीला दिसतच नाही आणि मुळाशी मात्र भडक चढतो, म्हणजे डोक्यावर लाल टोपी आणि खाली काळी वेणी.

डेव्हलपर, म्हणजे डायमध्ये कालवायचं पेरॉक्साईड, वेगळा विकत घेणार असाल तर २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड. न रंगवलेल्या केसांचा रंग तो एखाद-दोन लेव्हल उचलतो आणि बर्गंडी दिसायला तेवढं पुरतं. ३० म्हणजे ९ टक्के, ४० म्हणजे १२ टक्के, हे दोन्ही घरी आणूच नका. आणि "अमोनिया फ्री" वाचून निर्धास्तही होऊ नका, त्यात अमोनियाच्या जागी दुसरा अल्कली असतो, वास येत नाही इतकंच, पेरॉक्साईड बहुतेक तिथेही असतंच.

पॅच टेस्टला सगळे कंटाळतात, पण ही एक गोष्ट मी कुणालाच माफ करत नाही. बहुतेक पर्मनंट डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन किंवा त्याचा एखादा भाऊबंद असतो, आणि त्याची अॅलर्जी असली तर नुसती खाज सुटून थांबत नाही, तोंड सुजतं, डोळे मिटतात, वेळ आली तर दवाखाना. रंगवायच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला पाकिटात सांगितल्याप्रमाणे थोडासा लावून बघायचा. लाल झालं, खाजलं, सूज आली तर विषय संपला. गेल्या वर्षी चाललं होतं म्हणून आत्ता चालेलच असं नसतं, ही अॅलर्जी मध्येच कधीही सुरू होते. जत्रेत वगैरे झटपट काळी होणारी मेंदी काढून कधी हाताला फोड आले असतील तर डायच्या वाटेला जाऊच नका, त्या काळ्या मेंदीत पुष्कळदा हेच पीपीडी असतं. टाळूवर जखम असेल, कोंडा खाजवून सोललेलं असेल तर आधी ते बरं होऊ द्या.

मेंदीचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. शुद्ध मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य केसांतल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं आणि त्याचा रंग केशरी-लाल, बर्गंडी नाही. काळ्या केसांवर उन्हात लाली दिसते, पांढरे केस मात्र नारिंगी होतात. बीट घाला, जास्वंद घाला, चहाचं पाणी घाला, केस मऊ वगैरे लागतील पण बिटाचा रंग केसात टिकत नाही, पहिल्या धुण्यात मोरीतून जातो. आणि अर्ध्या तासात बर्गंडी करणारी "हर्बल मेंदी" पावडर मिळते तिचं पाकीट उलटं करून घटक वाचा, पीपीडी किंवा पेरॉक्साईड लिहिलेलं दिसलं की ती डायच आहे, फक्त हिरव्या पाकिटातली. याहून मोठा धोका म्हणजे काही पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात, आणि तशा केसांवर पेरॉक्साईडचा डाय लावला तर केस तापतात, तुटतातसुद्धा. म्हणून आधी कुठलीही मेंदी लावलेली असेल, त्यातून लोखंडी कढईत भिजवलेली, तर कंगव्यातलं गुंतवळ जमवून ठेवा, काचेच्या वाटीत थोडा डाय कालवा आणि अर्धा तास ते त्यात बुडवा. गरम लागलं, बुडबुडे आले, विचित्र वास सुटला तर थांबा. काहीच झालं नाही तर धुऊन वाळवून उन्हात बघा, तुमच्या केसांवर खरा रंग कसा येणार तेपण कळतं. पार्लरमध्ये केराटिन किंवा स्मूदनिंगची ट्रीटमेंट नुकतीच केली असेल तर निदान दोन आठवडे जाऊ द्या.

रंगवायच्या आदल्या दिवशी नहायचं नाही, टाळूवरचं नैसर्गिक तेल थोडं रक्षण करतं. पण म्हणून चापून तेलही लावायचं नाही. जुना टीशर्ट, जुना टॉवेल, ग्लोव्ह्ज, ब्रश, प्लास्टिकची किंवा काचेची वाटी, धातूची नको. कपाळाच्या कडेने, कानांवर आणि मानेला व्हॅसलीन, नाहीतर दोन दिवस जांभळे कान घेऊन ऑफिसला जाल. खांद्याखाली दाट केस असतील तर एका बॉक्सच्या भरवशावर राहू नका, दोन आणा, अर्ध्यात डाय संपला की उरलेल्या केसांना पुसापुशी होते आणि चट्टे दिसतात.

केस कोरडे, नीट विंचरलेले, मधोमध भांग आणि कानापासून कानापर्यंत दुसरी रेघ असे चार भाग. कालवलं की लगेच लावायला घ्यायचं. पहिल्यांदाच रंगवत असाल तर मुळांपासून दोन-तीन सेंटीमीटर सोडून आधी लांबीला लावा, पातळ पातळ बटा घेऊन, आणि मुळांना दहा-पंधरा मिनिटांनी. टाळूच्या उष्णतेने मुळाशी रंग भराभर चढतो, ती लाल टोपी यामुळेच होते. एकूण वेळ पाकिटावर लिहिलाय तेवढाच, जास्त ठेवला म्हणून रंग जास्त चढत नाही, केस आणि टाळू मात्र उगाच सहन करत बसतात. वरून ड्रायर मारायचा नाही. जळजळ व्हायला लागली तर घड्याळ बघू नका, लगेच धुवा.

पांढरे केस बरेच असतील तर नुसता बर्गंडी त्यांच्यावर फार चमकतो, गुलाबीकडेच जातो. त्याच कंपनीच्या त्याच रेंजमधला तेवढ्याच नंबरचा साधा ब्राऊन निम्मा मिसळा आणि कानशिलांपासून सुरुवात करा, तिथले पांढरे फार हट्टी.

धुताना आधी थोडं पाणी घेऊन फेस आल्यासारखं चोळा, मग कोमट पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग पाकिटातलं कंडिशनर. शाम्पू दोन-तीन दिवस नाही. उरलेला डाय बाटलीत झाकण लावून ठेवू नका, आत गॅस तयार होतो आणि बाटली फुटू शकते, फेकूनच द्या.

लाल छटा सगळ्यात आधी उतरते, त्याला इलाज नाही, पण लांबवता येतं. सल्फेट नसलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा बास, आणि गीझरचं कढत पाणी डोक्यावर घ्यायचं नाही. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर रंग लवकर निस्तेज होतो, शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, फरक दिसतो. पोहायला जाणार असाल तर आधी केस साध्या पाण्याने भिजवून टोपी. पहिल्या पंधरवड्यात पांढरी ओढणी आणि पांढरी उशी टाळा, पावसात तर नक्कीच.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतात, तेव्हा सहा-आठ आठवड्यांनी फक्त मुळं रंगवा. दर वेळी मुळापासून टोकापर्यंत डाय ओढला की टोकं काळपट आणि झाडूसारखी होतात. लांबीचा रंग विटलाच तर बिनपेरॉक्साईडचा सेमी-पर्मनंट बर्गंडी किंवा कलर मास्क लावा. आणि पुढे कधी कॉपर किंवा हलका ब्राऊन करायचा मूड आला तर डायवर डाय लावून केस फिके होत नाहीत हे लक्षात ठेवा, तेव्हा मात्र पार्लरवाल्या ताईंना आधी लावलेलं सगळं खरं खरं सांगा, मेंदीसकट.