घरी जीन्स शिवताय? मशीनला दोष देण्याआधी या चुका टाळा

जाड शिवणीवर सुई मोडली की आपण आधी मशीनला नावं ठेवतो. घरच्या काळ्या पायमशीनवर जीन्स होतच नाही, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. आता त्याच मशीनवर शिवलेली जीन्स वापरते आणि खात्रीनं सांगते, बहुतेक घोळ सुई कापडाला लागण्याआधीच झालेला असतो.

सुरुवात कापडापासून. कोल्हापुरात महाद्वार रोडला डेनिम घ्या किंवा इचलकरंजीहून कटपीस आणा, त्यावर जाडीची चिठ्ठी असेलच असं नाही. मग वजन करा. दीड मीटर पन्ह्याचं दोन मीटर कापड सव्वा किलोच्या आसपास भरलं, तर ते साधारण १२ औंसाचं (डेनिमची जाडी एका चौरस याराच्या वजनावरून औंसात सांगतात). पहिल्या जीन्सला एक किलोच्या आसपासचं, म्हणजे १० औंसाचं घ्या. त्याहून जाड घेऊन घरच्या मशीनशी झुंजण्यात अर्थ नाही.

मग धुणं, आणि इथे कंटाळा अजिबात करू नका. कापड बेतण्याआधी दोन-तीनदा धुवून वाळवा. डेनिम आटतं, एवढंच कारण नाही. त्याचं विणकाम तिरकं असतं, त्यामुळे धुतल्यावर कापड एका बाजूला सरकतं. न धुता शिवलेल्या पँटची बाजूची शिवण पुढे नडगीवर येते ती बरेचदा यामुळेच. तशी ती उभा धागा, म्हणजे कापडाच्या काठाला समांतर जाणारा धागा, न बघता कापल्यानंही येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड डेनिम दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकलेलं बरं. बेतताना कंबरेचा पट्टा उभ्या धाग्यावर काढा. कापड वाचवायला आडवा काढला तर लवकर सैल पडतो.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. १६ नंबरची जीन्सची सुई लावा, फार जाड जागी १८ नंबर. वरून जाड दोरा घातला तरी बॉबिनमध्ये साधाच ठेवा. दोन्हीकडे जाड दोरा भरला की बऱ्याच मशीनवर खाली गुंता होतो. जाड दोरा नसेल तर साध्या दोऱ्याचे दोन पदर एकाच सुईत ओवले तरी दिसायला छान दिसतं. वरची टीप साडेतीन ते चार मिलिमीटर लांब ठेवा.

सुई मोडते ती मुख्यतः योक (मागे कंबरपट्ट्याखाली असते ती आडवी पट्टी) आणि मागची मधली शिवण जिथे भेटतात तिथे. पदरावर पदर चढतात, मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा पाय) पुढून वर उचललं जातं आणि सुई तिरकी होते. शिवण्याआधी ती जागा लाकडी पाटावर ठेवून बत्त्यानं चांगली ठोका. फुटाच्या मागच्या बाजूला त्याच जाडीची डेनिमची घडी सरकवा, म्हणजे फूट सपाट बसेल. पुढचे चार टाके चाक हातानं फिरवून घाला. धातूच्या चेनच्या दातांवरून शिवण जाणार असेल, तर तेवढे दात आधी पकडीनं काढून टाका.

सगळ्यात जास्त जीव लावायचा तो आसनात, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडले जातात त्या भागात. दुमडून घातलेल्या डबल शिलाईत एका बाजूचं शिवणीतलं जास्तीचं कापड कापून टाकतात, नंतर शिवण उसवून सैल करता येत नाही. म्हणून आधी सगळी पँट लांब कच्च्या टिपेनं जोडा आणि घालून बघा. नुसतं आरशासमोर उभं राहून कळत नाही. जेवायला बसतो तशी जमिनीवर मांडी घालून बसा.

आसनापासून बाजूला ताणलेल्या तिरक्या रेषा दिसल्या तर सीटला किंवा मांडीला कापड कमी पडतंय. यासाठीच पहिल्या वेळी बाजूच्या शिवणीत इंचभर कापड राखून ठेवा आणि ती शिवण सगळ्यात शेवटी पक्की करा. मागे कंबरेला फट पडली तर बाजूनं आवळू नका, नाहीतर खिसे ओढले जातात. मागच्या मधल्या शिवणीतून वरच्या टोकाला घ्या, योकसकट. मांडी घातल्यावर मागचा पट्टा खाली सरकत असेल तर मागचं आसन उंचीला कमी आहे. वर कापड राखलं नसेल तर ते वाढवायला जोड द्यावा लागतो. बेतताना मागच्या भागावर दीड इंच जास्त ठेवण्याचा माझा आग्रह आहे तो यासाठी.

खिशाच्या कोपऱ्याला रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली धातूची छोटी टिकली, हवंच असं नाही. जेकब डेव्हिस या शिंप्यानं खिसे फाटू नयेत म्हणून ते बसवले आणि १८७३ मध्ये लिव्हाय स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याबरोबर त्याचं पेटंट घेतलं. घरी मात्र त्याच जागी आठ-दहा वेळा मागेपुढे टीप मारली तरी कोपरा टिकतो.

पँटच्या पायाची उंची, तिच्याबरोबर जी चप्पल किंवा बूट घालणार ते पायात घालूनच मोजा. कोल्हापुरी चप्पल आणि बूट यांत सहज बोटभर फरक पडतो. आणि निळीचा रंग धाग्याच्या वरवरच बसलेला असतो, आधी धुतलं तरी घासून निघतो; सुरुवातीला पँट उलटी करून वेगळी धुवा आणि तिच्यावर पांढरा सदरा घालू नका.